फ्लोरी, बेअर की हार्टशॉर्न: एकट्याने वाचायला कुठलं घ्यावं

तिन्ही पुस्तकं जुनी आहेत, एक पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूंच्या) रसायनशास्त्राचं, दुसरं सच्छिद्र पदार्थांतून द्रव कसे वाहतात त्याचं, तिसरं गणितातल्या बैजिक भूमितीचं, तरी अजून मागणी आहे ती उगाच नाही. पण शिकवायला कोणी नाही, आपलं आपणच वाचायचंय, असं असेल तर तिघांचा अनुभव अगदीच वेगवेगळा येतो.

मला विचाराल तर पहिला नंबर फ्लोरीच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री'चा, 1953 चं पुस्तक. हा माणूस एखादी गोष्ट गृहीत धरतो तेव्हा ती कुठे फसेल तेही सांगून टाकतो. जेल कधी बनतं तो भाग काढून बघा. तीन हातांचे रेणू एकमेकांना जोडत चाललेत, हिशोबाने निम्मे हात जोडले गेले की अख्ख्या भांड्यात एकच जाळं पसरायला लागतं, पण प्रयोगात मात्र जेल जरा उशिरा बनतं, कारण काही हात आपल्याच रेणूला जाऊन चिकटतात आणि ते हिशोबात धरलेलेच नाहीत, हे तो स्वतःच मांडतो. चांगल्या द्रावकात साखळी किती फुगते त्याचा घात (म्हणजे साखळीचा पसारा तिच्या लांबीच्या कितव्या घाताने वाढतो) त्याने 3/5 काढला, आजचा आकडा साधारण 0.588, म्हणजे बघा किती जवळ! (नंतरच्या लोकांनी दाखवलं की त्यात दोन ढोबळ अंदाज एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून उत्तर जमलं, ते असो.) रेप्टेशन (गुंतलेल्या साखळ्यांतून एक साखळी सापासारखी सरकते ती कल्पना) वगैरे नंतरचं काही यात नाही, ते दुसरीकडे वाचावं लागेल.

बेअरचं 'डायनॅमिक्स ऑफ फ्लुइड्स इन पोरस मीडिया' 1972 चं, जाडजूड. आधी एक सांगतो, झिओलाइट, मॉफ (MOF, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्या), गॅस शोषून घेणारे पदार्थ असलं काही शोधत असाल तर हे घेऊच नका, इथे वाळू, खडक, भूजल आणि तेल आहे. पण त्यात मात्र तोड नाही. सुरुवातीलाच एक ग्राफ आहे, एका बिंदूभोवतीचं आकारमान वाढवत नेलं तर सच्छिद्रता (म्हणजे पोकळीचा वाटा) कशी दिसते त्याचा. अगदी बारीक आकारमानात बिंदू पोकळीत पडला तर 1, दाण्यात पडला तर 0, मग आकडा वरखाली हेलकावे खातो आणि एका टप्प्यावर स्थिर होतो. तो टप्पा सापडला तरच पुढची सगळी समीकरणं लिहायला अर्थ आहे, आणि डार्सीचा 1856 चा नियम (प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो) कुठवर चालतो, वेग वाढला की कुठे मोडतो, तेही नीट दिलंय. पाणी भरताना आणि निचरा होताना केशिकादाबाचा (बारीक पोकळ्यांत पाणी आणि हवा यांच्यातल्या दाबफरकाचा) वक्र एकच का येत नाही, तो भाग तर दोनदा वाचावा असा. टेन्सर (दिशेनुसार बदलणाऱ्या राशी मांडायचं गणित) येत नसतील तर मधली पानं जड जातील. मॉडेल्स आणि ॲनालॉग्जचं (प्रयोगशाळेत प्रवाहाची नक्कल करून बघण्याचं) प्रकरण आता कॉम्प्युटरमुळे नुसतं चाळलं तरी चालतं.

राहता राहिलं हार्टशॉर्नचं 'अल्जेब्रिक जॉमेट्री', 1977, ते पिवळ्या कव्हरचं. पुस्तक भारी आहे, वाद नाही, पण एकट्याने वाचणाऱ्याची दया बिलकुल नाही. कम्युटेटिव्ह अल्जेब्रा (रिंगांचं, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार चालणाऱ्या संचांचं बीजगणित) आधीच पक्का येतो असं धरूनच चालतं, आणि निम्मा माल सरावप्रश्नांत कोंबलाय, ज्यांची उत्तरं पुस्तकात नाहीत. पहिलाच प्रश्न मात्र छान आहे: y = x² वरच्या फलनांचं रिंग एका चलाच्या बहुपदींसारखंच असतं आणि xy = 1 चं तसं नसतं, हे दाखवा. हाताने करून बघा, विषय काय आहे ते तिथेच कळतं. दुसऱ्या प्रकरणात स्कीम्स (वक्र-पृष्ठांच्या कल्पनेचं जास्त अमूर्त रूप) सुरू झाल्या की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. त्यावर उपाय लेखकानेच चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला दिलाय, तो कोणी वाचत नाही: रिमान-रॉख प्रमेय (वक्रावर ठरावीक प्रकारची किती फलनं असतात ते सांगणारं) नुसतं मान्य करा आणि वक्रांचं हे प्रकरण आधीच वाचून काढा. मीही हेच सांगेन, पहिलं, मग चौथं, आणि हे दोन पचले तरच दुसऱ्या-तिसऱ्याला हात घाला.