टाटा मर्सिडीजचा 'स्टँडर्ड क्रँक' आणि माझे साठ हजार

सांगायला लाज वाटतीय पण सांगतो, अजून कुणी 312 च्या, म्हणजे जुन्या टाटा मर्सिडीज ट्रकच्या इंजिनच्या मागं लागला असेल तर त्याचे तरी पैसे वाचतील.

गाडी आमच्या आण्णांची. 1962 ची टाटा मर्सिडीज, नाकवाली, जाळीवर तारा. शाहूपुरीत गुळाच्या ढेपी भरायच्या आणि गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात, असं आण्णांनी तीसेक वर्षं केलं. मग ती घरामागं शेडात उभी राहिली ती राहिलीच. आण्णा गेल्यावर डोक्यात बसलं की हिला परत चालू करायचीच. केबिन, लाकडी बॉडी, वायरिंग सगळं झालं, तेवढ्यात इंजिन खोललं आणि मिस्त्री गप्पच बसले. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, आधीच चाळीसला मारलेला, म्हणजे घासून शेवटच्या मापाला आलेला, आता घासायला जागाच नाही, वर एका पिनला हे एवढा चरा. पिस्टन तर लायनरात, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, गंजून चिकटलेले.

सहा महिने शोधलं. कोल्हापुरात उद्यमनगर पालथं घातलं, पुण्याला जुन्या बाजारात दोन रविवार घातले, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडं फिरलो. टाटाच्या 697 इंजिनचं पाहिजे तेवढं मिळतं, 692 चंही मिळतं, 312 म्हटलं की लोक हसतात. शेवटी एका जाहिरातीत दिल्लीकडचा एकजण सापडला. म्हणाला, "ओरिजिनल 1965 का माल है, मर्सिडीज टाइम का, डिब्बा भी नहीं खुला." क्रँक स्टँडर्ड साइज, म्हणजे कधीच न घासलेला, 38 हजार, लायनर-पिस्टनचा पूर्ण सेट 22 हजार. व्हिडिओ कॉलवर क्रँक दाखवला, मायक्रोमीटर लावून दाखवला, आण्णांची गाडी म्हटल्यावर स्वतःच्या वडिलांची गोष्ट पण सांगितली भावाने, तेही ड्रायव्हरच होते म्हणे. मी तिथंच विरघळलो. अर्धे पैसे ॲडव्हान्स यूपीआयने, अर्धे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. माल हातात नसताना सगळे साठ देऊन मोकळा, बायको नको नको म्हणत होती.

बारा दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधनं पेटी आणली. आमचे काका पोस्टातनं रिटायर झालेत, ते सहज बघायला आले होते. पिस्टनचा खोका हातात घेऊन चष्मा वर करून म्हणाले, "अरे हा 65 चा खोका म्हणतोस, मग याच्यावर सहा आकडी पिनकोड कसा काय?" पिनकोड चालू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. आणि टाटा आणि डेमलर-बेंझचा करार 1954 ते 1969, म्हणजे गाडीवरचा तारा पिनकोडच्या आधीच गेलेला. या खोक्यावर दोन्ही! कुणीतरी कॉम्प्युटरवर छापून चहाच्या पाण्यात बुडवला असणार, वासही तसलाच येत होता.

तरी मी म्हटलं खोका जाऊ दे, आतला माल तर चांगला असेल. माणूस आशेवर किती जगतो बघा. आतले पिस्टन 92 चे निघाले. इथं ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 एमएम, नावातच सगळं आहे. 312 ला मात्र हे लागू नाही, त्याचा बोअर 90. फोन केला तर म्हणतो "सेम इंजन है, सिर्फ नाम अलग है". दोन एमएम कमी-जास्त म्हणजे याला काही वाटतच नाही, जसं काय चपलेचा नंबर आहे.

क्रँकचं तर विचारूच नका. मिस्त्रींनी तो साखळीला टांगला आणि हातोडीने हळूच ठोकला. चांगला क्रँक देवळातल्या घंटेसारखा वाजतो, लांबपर्यंत आवाज घुमतो. हा थप् करून गप. मग रॉकेल लावून पुसला, वर खडूची पूड चोळली, दहा मिनिटांत तिसऱ्या पिनपाशी पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. तडा. झिजलेल्या क्रँकवर वेल्डिंगने मटेरियल भरून परत स्टँडर्डला घासलेला होता, म्हणून मायक्रोमीटरवर माप बरोबर दिसत होतं. मिस्त्रींनी नख फिरवून दाखवलं, जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) जिथं वेबला (बाजूच्या जाड पाट्याला) मिळतं तिथं गोलाई पाहिजे, इथं काटकोनात पायरी होती, आणि ऑइलच्या भोकांच्या कडा ब्लेडसारख्या, म्हणजे भोकं बुजली होती ती परत पाडली. वरचं ग्रीसही ताजं, काजळी मिसळून जुनं केलेलं. खरं जुनं ग्रीस मेणासारखं कडक होतं, खरवडावं लागतं. "कुणी घातली रं टोपी तुला?" एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला.

त्यात अजून एक. व्हिडिओ कॉलचा एक स्क्रीनशॉट माझ्याकडं होता, त्यातला फोर्जिंग नंबर (क्रँक घडवतानाच उठवलेला) आणि आलेल्या क्रँकवरचा नंबर वेगळा. दाखवला एक, पाठवला दुसरा. त्यामुळं व्हिडिओवर नुसतं बघू नका, समोरच्याला तुमचं नाव आणि तारीख ऑइल पेंटने पार्टवरच लिहायला सांगा आणि ते पेंट तुमच्याकडं येईपर्यंत पुसलं नाही पाहिजे. खरा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुमच्या गावातल्या मिस्त्रीचा तिथं कुणी ओळखीचा असेल तर त्याला हजार रुपये देऊन बघायला पाठवा, मी ते हजार वाचवले होते.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन केला, तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. साहेब म्हणाले माल तर आलाय ना, मग वाद मालाच्या दर्जाचा आहे, ग्राहक आयोगात जा. तिकडची तयारी चालू आहे, स्क्रीनशॉट, बिल्टी, मिस्त्रींचं लेखी सगळं ठेवलंय. विक्रेत्याचा फोन आता लागत नाही.

परवा रत्नागिरीच्या एका पाव्हण्यानं सांगितलं की तिकडं एका जुन्या मच्छीमार लाँचमधनं काढलेलं 312 पडून आहे, खाऱ्या पाण्यानं ब्लॉक गेलाय पण क्रँक बरा आहे म्हणे. रविवारी जातोय. मिस्त्री बरोबर येतायत, हातोडी, खडू आणि रॉकेलची बाटली पिशवीत भरून ठेवलीय, पैसे मात्र घरीच ठेवणार आहे.