स्टेशनरी दुकानदारांनो, असा जीएसटी सल्लागार मिळाला तर सोडू नका

आमचं सांगलीत वह्या-पेनांचं दुकान आहे आणि जीएसटीचं सगळं काम आम्ही ज्या ताईंकडे देतो त्यांच्याबद्दल लिहायचंच होतं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे रेट बदलले, वही, पेन्सिल, खोडरबर शून्यावर, कंपासपेटी 12 वरून 5 टक्क्यांवर, पेन मात्र 18 वरच. बऱ्याच जणांनी फक्त बिलिंगमधले रेट बदलले आणि विषय संपवला, पण ताईंनी आधीच फोन करून 21 तारखेच्या रात्रीचा स्टॉक लिहून ठेवायला लावला, कारण माल करमुक्त झाला की शिल्लक मालावरचं घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. आमच्याकडे वह्यांचे गठ्ठे पडून होते, नंतर नोटीस आली असती तर व्याजासकट गेलं असतं हो!

दुसरं म्हणजे आयएमएस, जीएसटी पोर्टलवर सप्लायरने टाकलेली बिलं मान्य-अमान्य करायची सोय. तिथे काहीच केलं नाही तर बिल मान्य समजलं जातं, म्हणून त्या दर महिन्याला आमच्याकडची बिलं समोर ठेवून एकेक तपासतात. एका सप्लायरने दुसऱ्याच कुणाचं बिल आमच्या जीएसटी नंबरवर टाकलेलं, ते तिथल्या तिथे रिजेक्ट केलं. जुलै 2025 पासून थ्री-बी मधला (कर भरायचं रिटर्न, GSTR-3B) विक्रीवरचा कर हाताने बदलता येत नाही, दुरुस्ती आधी वन-ए मध्येच (विक्रीच्या रिटर्नमधली दुरुस्ती करायचा फॉर्म, GSTR-1A) करायची, हेही नीट समजावून सांगितलं.

फी थोडी जास्त आहे आणि 20 तारखेच्या आसपास फोन लागत नाही, व्हॉट्सअॅप करा, रात्री का होईना उत्तर येतं.