एकच तक्ता की ज्याची त्याची नोंदवही?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या उसात बिबट्या दिसला, तर त्याची नोंद वन विभाग, महसूल, कृषी, पोलीस यांपैकी कुठेही होऊ शकते. दोन-तीन ठिकाणी झाली तरी नवल नाही. या नोंदी एकत्र आणायचं काम गळ्यात पडलं की दोनच वाटा दिसतात. सगळ्यांनी एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचं, किंवा ज्याने त्याने आपली नोंदवही आपल्या पद्धतीने ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रकान्यांची फाइल द्यायची. मी दोन्ही करून पाहिलंय.

एकच तक्ता सुरू करायला फार सोपा. बैठक संपायच्या आत लिंक सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचते, प्रशिक्षण लागत नाही, साहेबांना हवा तेव्हा आकडा दिसतो. कार्यालयं दोनच असतील आणि काम एका हंगामापुरतं, म्हणजे जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसारखं, तर मी आजही तोच सुचवेन.

माझं बिनसलं ते 'ठिकाण' या रकान्यावरून. वनरक्षक लिहिणार परिमंडळ आणि बीट, म्हणजे वन विभागाचे गस्तीचे भाग. तलाठ्याच्या डोक्यात गाव आणि गट नंबर. कालव्यावरचा माणूस साखळी क्रमांक, म्हणजे कालव्याच्या मुखापासूनचं अंतर, सांगणार, पोलीस ठाण्याची हद्द. यातलं कुणीही चुकीचं लिहीत नाही, ज्याची त्याची कामाची भाषा तीच आहे. पण नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं असेल तर पिंपळगाव बसवंत की पिंपळगाव बहुला, हे विचारायला फोनच करावा लागतो. मग ठिकाणांची तयार यादी लावून पाहिली, तेव्हा यादी कुणाची यावर अडलं. बीटांची लावली तर बाकीच्यांना त्यातलं काही कळेना, गावांची लावली तर वनरक्षक बीटचं नाव शेऱ्यात कोंबू लागले. शेवटी कुणीतरी 'कॅनॉलजवळ' असं लिहून मोकळं होई. जिल्ह्यात कालवे काय कमी आहेत?

नोंदवह्या वेगळ्या ठेवल्या की हा वाद उरत नाही, कारण आपापलं ठिकाण ज्याने त्याने हवं तसं लिहावं. देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये मात्र तारीख, प्रजाती, अक्षांश-रेखांश, जनगणनेतला सहा अंकी गाव क्रमांक आणि मूळ नोंदीचा क्रमांक एवढंच मागायचं. एकाच बिबट्याच्या तीन नोंदी शेजारी-शेजारी आल्या की त्या ओळखू येतात आणि शंका आली तर मूळ नोंदीपर्यंत जाता येतं. अक्षांश दशांशातच हवेत, हे आधी बजावून ठेवा. २० अंश ३० मिनिटं कुणी २०.३० अशी लिहिली, तर नकाशावरचा ठिपका सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातही मला हीच पद्धत बरी वाटली. २०१९ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळालेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण. पक्ष्यांच्या नोंदी वन्यजीव विभागाकडे, बंधाऱ्याची पाणीपातळी जलसंपदाकडे. पाणी सोडलं की बदकं जागा बदलतात, म्हणून दोन्ही एकत्र पाहावंच लागतं. पण पातळी रोजची आणि पक्षीगणना अधूनमधूनची. एका तक्त्यात घातलं की निम्म्याहून अधिक चौकटी रिकाम्या, आणि वर्षभराने त्या रिकाम्या चौकटीचा अर्थ 'पक्षी नव्हते' की 'मोजलेच नाहीत', हे कुणी सांगू शकत नाही. दोन फाइली तारखेवर जोडल्या की काम भागतं.

या पद्धतीत कटकट नाही असं नाही. फाइल वेळेवर येत नाही, मागे लागावं लागतं, आणि जुळवणी करणारा एक माणूस कायमचा लागतो. तो मिळण्यासारखा नसेल तर एकच तक्ता घ्या, तुमचा नाइलाज आहे. फक्त त्यात बिबट्याच्या पिल्लांची नेमकी जागा टाकू नका. लिंक कुठवर फिरेल याचा भरवसा नसतो, आणि जागा कळली की बघ्यांची गर्दी वनरक्षकाच्या आधी शेतात पोहोचते.