शेपटीवरचा क्रमांक पुसलेले विमान

भाच्याच्या लग्नासाठी मुंबईहून जळगावला खासगी विमान ठरवताना एका दलालाने मला ५,४२,५०० रुपयांना बुडवले. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने रात्रभराचा रस्ता तिला झेपणार नव्हता, म्हणून मी या फंदात पडलो. थोडी हौसही होती, हे नाकारत नाही.

दलाल असणे हा गुन्हा नव्हे. या धंद्यात दलालाकडे स्वतःचे विमान बहुधा नसतेच. तो विमान कंपनीकडून दर घेतो आणि त्यावर आपला वाटा चढवतो. आमच्या दलालाने सात जणांसाठी ‘किंग एअर’ या छोट्या विमानाचे जाण्यायेण्याचे ७,२०,००० रुपये सांगितले. त्यांपैकी सत्तर टक्के, म्हणजे ५,०४,००० रुपये आगाऊ आणि नंतर ‘पार्किंग व परवानगी’चे ३८,५०० रुपये मी एका व्यक्तीच्या बचत खात्यात भरले. कंपनीच्या नावाचे खाते नसेल तर तिथेच थांबा.

त्याने पाठवलेल्या छायाचित्रात विमानाच्या शेपटीवरची ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे पुसलेली होती. विचारल्यावर ‘सुरक्षेचा नियम आहे, साहेब’ असे उत्तर मिळाले आणि मी मान डोलावली. जुना ट्रक घेताना आरसी बुक पाहिल्याशिवाय विसार न देणारा मी, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचे नाव न पाहता पाच लाख देऊन बसलो! भाड्याने विमान चालवायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, मालकाच्या खासगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही. ती अक्षरे मिळाली असती, तर एका फोनवर खरे-खोटे कळले असते.

आदल्या संध्याकाळी ‘तांत्रिक बिघाड’ असा निरोप आला आणि फोन बंद झाला. आईला टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर आडवे करून आम्ही निघालो.

लाजेपायी मी चार दिवस गप्प राहिलो. तुम्ही तसे करू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकवले गेले. सायबर कक्षाने पैसे मी स्वखुशीने पाठवल्याचे सांगून पुन्हा त्याच ठाण्याकडे बोट दाखवले. बँकेने, खात्यात शिल्लक नाही, एवढेच लेखी दिले. विमान वाहतुकीशी संबंधित कार्यालयाने तर, आमचा संबंध कंपन्यांशी, दलालांशी नाही, असे एका ओळीत कळवले. मग दलालांशी संबंध कोणाचा, असे विचारणाऱ्या माझ्या दोन पत्रांना पोचसुद्धा मिळालेली नाही. ठाण्यातल्या अंमलदारांनी मात्र ‘एवढे पैसे होते, तर चौकशी का केली नाही?’ हा प्रश्न तीन वेळा, तोही इतरांसमोर, विचारला.