गाडीची झडती आणि आपले हक्क : न्यू जर्सीतील एडिसन येथील एका कार्यशाळेविषयी

पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करावे, हे शिकवणारी अडीच तासांची कार्यशाळा आमच्या भागातील एक वकीलबाई घेतात. मुलीला नुकतेच लायसन्स मिळाल्यामुळे मी तिला घेऊन गेलो, परंतु खरी गरज मलाच होती. गेल्या वर्षी शेजारच्या राज्यात वेगाबद्दल तिकीट दिल्यावर अधिकाऱ्याने 'डिकी पाहिली तर चालेल ना?' असे विचारले आणि मी सवयीने होकार दिला. गणपतीचे मखर, समया, मोदकपात्र असे सगळे रस्त्याकडेच्या गवतावर मांडले गेले. आक्षेपार्ह काही सापडले नाही, पण मखराची कमान मोडली.

तो होकार किती महत्त्वाचा होता, हे मला येथे उमगले. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. मात्र सबळ कारण असल्यास गाडीची झडती वॉरंटविना घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1925 मध्येच ठरवले. आपण स्वेच्छेने संमती दिली, तर त्या कारणाचीही गरज उरत नाही; आणि 1973 च्या निकालानुसार, नकार देता येतो हे आपल्याला सांगण्याचे बंधन पोलिसांवर नाही. न्यू जर्सीची राज्यघटना याहून अधिक संरक्षण देते. नकाराचा हक्क चालकाला ठाऊक होता हे येथे सरकारला दाखवावे लागते आणि 2002 पासून, रस्त्यावर थांबवलेल्या गाडीच्या झडतीसाठी नुसती संमती मागायलासुद्धा वाजवी संशय असावा लागतो. राज्याची सीमा ओलांडली की हे कवच मागे राहते, हे बाईंनी वारंवार बजावले.

सर्वांत उपयोगी ठरला तो सराव. दोन खुर्च्या मांडून बाई स्वतः अधिकारी झाल्या आणि मुलीकडून, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून, 'ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च' हे वाक्य शांत आवाजात म्हणवून घेतले. तिसऱ्या खेपेस तिचा आवाज कापायचा थांबला. गाडीतून उतरायला सांगितल्यास मात्र उतरलेच पाहिजे, तेथे वाद घालू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. तिकिटाचे काम उरकल्यावर, वाजवी संशय नसताना, केवळ श्वानपथकासाठी गाडी अडवून ठेवता येत नाही, हा 2015 चा निकाल त्यांनी फार सुरेख उलगडला.

सहप्रवाशांचे हक्क आणि फोनची झडती हे विषय मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकले गेले. अटक झाली तरी फोन उघडून पाहण्यास सहसा वॉरंट लागते, या 2014 च्या निकालावर तरुण मुलांचे कितीतरी प्रश्न होते. हाती दिलेले टिपणही फक्त न्यू जर्सीपुरतेच आहे. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये नित्य ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते अपुरे पडते. शुल्क चाळीस डॉलर असून विद्यार्थ्यांना निम्मे आहे. पुढच्या सत्रासाठी मी पत्नीचे नाव नोंदवले आहे.