बदकांचा रात्रनिवारा: विटांची खोली की जाळीचे खुराडे?

परसात पाच-दहा बदके पाळणाऱ्याने रात्रीचा निवारा विटा-पत्र्याचा बांधावा की लोखंडी जाळीचा, हे मराठवाड्यात ऊन आणि माती पाहूनच ठरवावे लागते. कोंबडी निदान दांडीवर चढून बसते. बदक मात्र रात्रभर जमिनीवरच झोपते, त्यामुळे कुत्रे, कोल्हा, रानमांजर यांच्या ते थेट तोंडाशी असते.

विटांच्या खोलीत कुत्र्याचा शिरकाव होत नाही, हे खरे. तथापि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना पत्र्याखालची बंद खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते आणि बदकांच्या पातळ विष्ठेने व सांडलेल्या पाण्याने ओला झालेला भुसा तिथे लवकर वाळत नाही. शिवाय काळ्या मातीत पाया उथळ घेतल्यास उन्हाळ्यात जमीन भेगाळून भिंतीच्या बुडाशी फट पडते. घुशीला आणि सापाला तेवढी पुरते.

जाळीच्या खुराड्यात हवा खेळती राहते, पण कोंबड्यांसाठी मिळणारी षटकोनी जाळी कुत्रे दातांनी फाडते. आमच्याकडे मोठ्या भोकांच्या जाळीला टेकून झोपलेल्या बदकाची मान बाहेरून ओढली गेली. सकाळी कडी जशीच्या तशी लावलेली आणि जाळीपाशी पिसांचा खच. म्हणून अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळीच घ्यावी. ती जमिनीत उभी पुरण्यापेक्षा बुडाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड रचणे आमच्या मातीत अधिक टिकते, कारण उकरणारे जनावर भिंतीलगतच सुरुवात करते आणि तिथेच अडते.

माझ्या मते दोन फूट विटांचे बांधकाम, त्यावर वेल्डमेश आणि पत्र्यावर उसाचे पाचट ही सांगड सर्वांत सोयीची. बाभळीच्या काट्यांची वई गुरे अडवते. मुंगसाला ती उलट आडोसाच होते.

मुंगूस दिवसा फिरते, त्यामुळे पिले आणि अंडी यांना धोका दिवसाच अधिक. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला मारता येत नाही, तेव्हा बंदोबस्त आपल्याच बाजूने करावा लागतो. बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळच्या सुमारास घालतात. ९ वाजेपर्यंत दार न उघडल्यास अंडी आतच हाती लागतात. पिलांच्या आवारावर मात्र घारीसाठी वरूनही जाळी ताणावी.