विहीणबाईंच्या खापरपणजोबांचा शोध: फॅमिलीसर्चवर आठ महिने

आमच्या सुनेचं माहेर साऊथ कॅरोलिनातलं, चार्ल्स्टनचं. विहीणबाईंचे खापरपणजोबा गुलामगिरीत जन्मले. त्यांचा माग काढायला मी बसलो, तेव्हा डोळ्यांपुढे आमची त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडची नामावळी होती. गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्या समोर.

१८७० च्या जनगणनेपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर खातं फुकट निघतं, मूळ पानाचं छायाचित्र मोठं करून वाचता येतं. त्याआधी मात्र नावंच नाहीत. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या याद्या वेगळ्या केल्या, त्यांत नाव मालकाचं आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. म्हणजे आधी मालक कोण ते कळायला हवं.

दुसऱ्या एका पैसे भरायच्या संकेतस्थळावर दोन महिने गेले. तिथे लोकांनी एकमेकांच्या वंशावळी न तपासता उतरवून घेतलेल्या. एकीत बाप मुलापेक्षा सहाच वर्षांनी मोठा होता.

वाट सापडली ती फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या वह्यांत. ही बँक १८६५ ला मुक्त झालेल्यांसाठी निघाली आणि १८७४ ला बुडाली, गरिबांच्या ठेवी घेऊन. वह्या तेवढ्या राहिल्या. खातेदार पटावा म्हणून कारकून त्याला आईबाप, भावंडं, जन्मगाव आणि सुरुवातीच्या वह्यांत जुना मालक नि मळाही विचारायचा. हे माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे, म्हणून मला या वह्या सगळ्यांत मोलाच्या वाटतात. फ्रीडमन्स ब्यूरो या मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदीही पाहाव्यात. स्वयंसेवकांनी त्यांतली सुमारे १८ लाख नावं शोधण्याजोगी केली आहेत.

आडनावावर विसंबू नका. सगळ्यांनी मालकाचं आडनाव घेतलं नव्हतं, आणि कारकून कानाला लागेल तसं लिहायचा. पहिलं नाव, गाव आणि अंदाजे वय टाकून पाहा, शेजारची घरंही वाचा.

मालकाचं नाव मिळाल्यावर ते शोधाच्या चौकटीत टाकायला विहीणबाईंचा हात धजेना. मी टाकलं. १८६० च्या यादीत त्याच्याखाली पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. वय जुळतं, पण तोच आमचा असं मी अजून म्हणत नाही.

बँकेच्या पानावर मात्र शंका नाही. सहीच्या जागी फुली. भावंडांच्या रकान्यात सहा नावं, शेवटच्या दोघांपुढे 'विकले'. विहीणबाईंनी ती सहा नावं मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, "भाऊ, आता या दोघांना शोधा." सध्या अलाबामाची १८७० ची पानं चाळतोय.